पाटावर नसलेला खड्डा

बोथ, ३ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
नागनाथचा जयभीम.

फोन करून करून दमलो. मी इकडून ओरडतो, तू तिकडून ‘काय? काय?’ करतेस, आणि शेजारपाजारचे समजतात की हनवते गुरुजींचं डोकं फिरलं. कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते तू पेटीत ठेवलंस. म्हणून हे पत्र. उत्तर पत्रानंच दे आणि लवकर दे.

तुला माहीतच आहे की निवृत्तीनंतर मी पुढच्या खोलीत आगगाडी मांडायला घेतली आहे. आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूडचा पाट आहे. त्यावर आपलं आदिलाबादचं जुनं स्टेशन, छोट्या रुळाच्या काळातलं. प्लॅटफॉर्म झाला, तिकिटाची खिडकी झाली, इंजिनाला पाणी पाजायची लोखंडी सोंड झाली, चिंचेचं झाड झालं. रुळांवर करंटही येतो. आता फक्त इंजिन यायचं आहे, आणि सगळं घोडं तिथंच अडलं आहे.

नागपूरला सुरेंद्र म्हणून एक रिटायर फिटर आहेत, ते हातानं पितळेची वीतभर लांबीची इंजिनं घडवतात. त्यांच्याकडे सध्या दोन तयार आहेत. एक वाय.पी., पॅसेंजर ओढणारं, देखणं. दुसरं वाय.जी., मालगाडीचं, आठ बुटक्या चाकांचं. त्यातलं मला एकच मिळेल, दुसरं कुण्या गिऱ्हाइकाला द्यायचं आहे. आमचा हर्षदीप हैदराबादेत बसून सांगतो, पप्पा, वाय.जी. घ्या, ते जास्त चांगलं दिसेल. त्याला काय कळतं? त्यानं वाफेचं इंजिन मोबाइलवर पाहिलेलं. मला वाय.पी. हवं आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे, बाबा वाय.पी.वर उभे, पाठीमागं भट्टीचा लाल उजेड, आणि मला पाहून त्यांनी हात वर केला.

तू मोठी. बाबांचं आवडतं इंजिन कोणतं होतं आणि त्याचा नंबर काय होता, एवढंच कळव. नंबर सुरेंद्र कोरून देतील. १२ नोव्हेंबरला बाबांचा स्मृतिदिन आहे, त्या दिवशी चार माणसं बोलावून गाडी सुरू करायची आहे. पाटी तयार आहे : ‘कालकथित सटवाजी हनवते, इंजिन ड्रायव्हर, यांच्या स्मरणार्थ.’

इकडंतिकडंचं न लिहिता मुद्द्याचं लिही.

तुझा भाऊ,
नागनाथ

*

नार्नूर, ९ सप्टेंबर

चि. नागनाथ,
जयभीम.

तुझं पत्र भेटलं. मी बोलतो तसंच लिवतो, तू लाल पेनानं चुका काढत बसू नोको.

मुद्द्याचं लिही म्हनतो, तर घे मुद्द्याचं. बाबा ड्रायव्हर कोनत्या साली झाला? मले त सांग. मी त्याची थोरली लेक, मी त्याचा डबा सहा वर्सं वाहला, अन् मलेच मालूम नाई. आपला बाप खलाशी होता. राखेच्या खड्ड्यावरचा खलाशी. इंजिन मुदखेडवरून आलं का रुळाखालच्या खड्ड्यावर उभं करत, अन् बाबा खाली उतरून लोखंडी सळईनं त्याच्या पोटातली राख काढे. गरम राख. गेला तवा काळा असे अन् वर आला का पांढरा. भुवया पांढऱ्या, कान पांढरे. माय म्हने का हा रोज म्हातारा होऊन घरी येते.

तू पाटावर काय काय मांडलं थे मी दोनदा वाचलं. तिकिटाची खिडकी हाय. बाबानं त्या खिडकीत कधी तोंड घातलं नाई. पान्याची सोंड हाय. चिंचेचं झाड बी हाय. खड्डा कुठं हाय रे? सगळं स्टेशन बसवलं अन् ज्या जागेवर बाप तीस वर्सं राबला तेवढीच जागा तुले आठवली नाई? का आठवली म्हून ठेवली नाई?

माझं मस्तक फिरलं हाय. सून म्हनते, आत्या, जेवून घ्या मंग लिवा. मी जेवली नाई.

नंबर इचारतो. नंबर वर असते, ड्रायव्हरच्या खिडकीखाली. खड्ड्यातून नंबर दिसत नसते.

चंदा

*

बोथ, १५ सप्टेंबर

अक्का,

पत्र वाचलं. पहिली गोष्ट, एवढं रागावून लिहायचं काही कारण नव्हतं. दुसरी गोष्ट, तुझं वय झालं आहे आणि तुझ्या आठवणीत गडबड होते आहे. गेल्या वर्षी तू माझ्या सुनेला शुभांगी म्हणत होतीस, तिचं नाव प्रीती आहे.

बाबा सुरुवातीला खलाशी असतील, मी नाही कुठं म्हणतो? रेल्वेत सगळे खालूनच वर चढतात. पण मी त्यांना इंजिनावर पाहिलं आहे, माझ्या या दोन डोळ्यांनी. ऐकीव सांगत नाही. एक हात दांड्यावर होता. आणि त्यांच्या डाव्या खांद्यावरची ती हातभर खूण? भट्टीचं दार उघडताना झळ लागून झालेली. ती खड्ड्यात होते का? मी शाळेत मुलांना त्या खुणेबद्दल सांगायचो. सैनिकाला बिल्ला मिळतो तशी ती माझ्या बापाची खूण आहे, असं सांगायचो. पस्तीस वर्षं सांगितलं. उद्या तीच मुलं, आता बाप झालेली, कार्यक्रमाला येणार आहेत. त्यांच्यासमोर मी काय म्हणू?

तुला ठाऊक नाही, बोथसारख्या गावात एका बौद्ध मास्तरानं स्वतःचं नाव कसं उभं केलं. लोक तोंडावर गुरुजी म्हणतात आणि पाठ फिरली की कोणाचा कोण ते काढतात. ‘ड्रायव्हरचा मुलगा’ म्हटलं की तोंडं बंद होतात. तू नार्नूरात अंगणवाडीच्या पोरांना खिचडी वाढून मोकळी झालीस, तुला कोणी काही विचारलं नाही.

मी सुरेंद्रना वाय.पी. सांगून टाकलं आहे. पत्रिका छापून झाल्या. मुख्याध्यापक सुधाकरराव येणार आहेत, आदिलाबादचे एक रिटायर स्टेशनमास्तरही येणार आहेत. तू यावंस अशी इच्छा आहे. पण हे खड्डापुराण तिथं काढणार असशील तर नको येऊस. स्पष्ट लिहितो.

नागनाथ

*

नार्नूर, २२ सप्टेंबर

नागनाथ,

येत नाई. तू निवांत राह्य.

खिचडी वाढली म्हनून लिवलं थे बरं केलं. वाढली. चोवीस वर्सं वाढली अन् एकाही पोराले खोटं सांगलं नाई.

आता थे खांद्याचं आईक. तू बिल्ला म्हून सांगत होता म्हनतो ना, मंग पुरतं आईक.

तुझ्या त्या देखण्या वाय.पी.मधलं एक इंजिन होतं. राख पाडाले खाली एक लोखंडी दार असते, त्याची कडी या इंजिनाची झिजली होती. फसून बसे. बाबा सळईनं दहादा ठोके तवा थे दार एकदम सुटे अन् राख, निखारे सगळे भसकन खाली येत. बाबा सरकून घेई. एका दुपारी सरकाले जागा भेटली नाई, कारन मी डबा घेऊन खड्ड्याच्या पायरीवर बसली होती अन् तो माझ्याकडे सरकला असता त मले लागलं असतं. म्हून तो सरकलाच नाई. खांद्यावर घेतलं. डब्यासंगं पानी आनलं होतं थे मी त्याच्या खांद्यावर ओतलं. चामडी पान्यासंगं आली. तो ओरडला नाई. मले म्हने, “चंदे, घरी सांगू नोको, माय कामाले जाऊ देनार नाई.”

मी सांगलं नाई. मायले सांगलं का इंजिनाचा चटका बसला. थेच तू आईकलं अन् त्याचा बिल्ला केला. त्या वाय.पी.ले तू आता घरात आनून फिरवनार, फुलं वाहनार, बाबाचं आवडतं इंजिन म्हून.

अन् बाबाले तू इंजिनावर पाह्यलं, खरं हाय. मी खोटं म्हनत नाई. राख काढाच्या अगोदर वर चढून भट्टीतली आग खाली लोटा लागे, थे काम बी खलाश्याचंच. तेवढ्या टाइमात ड्रायव्हर चहा पेयाले जाये. तू त्या टाइमाले आला होता, मीच तुझा हात धरून आनलं होतं. लाल उजेड होता, बाबानं हात वर केला, सगळं खरं. पन इंजिन उभं होतं. तू आठव. ते हललं का? तुले बाबा कधी चालत्या इंजिनावर दिसला असन त सांग.

आवडतं इंजिन इचारलं होतं ना. सांगतो, कारन बापाचं नाव खराब कराले मी निघाली नाई. एक मालगाडीचं होतं. वरून कसं दिसे मले नाई मालूम, खालून चार जोड्या बुटकी चाकं. त्याची कडी बोट लावलं का उघडे अन् राख हळूहळू पडे, पीठ चाळल्यावानी. बाबा त्याले मावशी म्हने. “आज मावशी आली,” म्हने, अन् त्या दिवशी जेवन बी बसून करे. खड्ड्याच्या पायरीवर, माझ्या बाजूले. भाकरीचा पहिला तुकडा मले देई. बाबाले आवडाचं कारन एवढंच का थे जाळत नव्हतं.

तुझा पोरगा हैदराबादेत बसून बरोबर बोलला अन् तू इथं राहून चुकला.

चंदा

*

बोथ, ३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
जयभीम.

चाळीस दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र फाडलं होतं, मग चिकटपट्टीनं जोडलं. राग गेलेला नाही, हे आधी सांगून ठेवतो. फक्त तो कोणावर आहे ते आता मला नीट कळलं आहे.

इंजिन आलं होतं. वाय.पी. पितळेचं, नवरीसारखं चमकणारं. मी टेबलावर टॉवेल टाकून ते उलटं केलं. वर्षभर या इंजिनाचा विचार केला, पण खालून बघायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. सुरेंद्रनी खाली राखेचं दारसुद्धा केलं आहे, नखाएवढं. ते उघडतं. मी ते दहा वेळा उघडलं आणि बंद केलं. मग बसने नागपूरला गेलो आणि म्हणालो, हे परत घ्या, वाय.जी. द्या. ते भडकले. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे, हा काय भाजीबाजार आहे का, म्हणाले. मी त्यांना कडीचं सांगितलं. तो माणूस चाळीस वर्षं इंजिनांखाली झोपून काम केलेला. मग शर्टाची बाही वर करून स्वतःचा दंड दाखवला आणि वाय.जी. खोक्यात बांधून दिलं. त्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते मी बोलतो, म्हणाला.

आता तुला एक सांगतो, जे मी कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या भावजयीलाही नाही.

मला शाळेत घातलं तो दिवस. बाबांनी विहिरीवर जाऊन दोनदा अंघोळ केली होती. कानातली राख पिन घालून काढली होती. कोणाचा तरी पांढरा सदरा मागून आणला होता. हेडमास्तरनी विचारलं, बापाचा धंदा? बाबा म्हणाले, ड्रायव्हर. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “कोणी पण विचारलं तरी हेच सांगायचं. माझी शपथ आहे तुला.” त्या दाखल्यावर तेच आहे. माझ्या नोकरीच्या कागदावर तेच आहे. माझ्या लग्नात तेच सांगितलं.

तू मला खोटा म्हणतेस. मी सहा वर्षांचा होतो, अक्का. बापानं शपथ घातली आणि साठ वर्षं ती उतरवली नाही. इतकी वर्षं सांगितलं की शेवटी मलाच खरं वाटायला लागलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तुझ्यावर चिडलो, पण खरं म्हणजे मी त्यांच्यावर चिडलो आहे. काऊन असं केलं त्यांनी? खड्ड्यात उतरायला लाज नव्हती, तर सांगायला कायची लाज? मेला माणूस, आता कोणाला जाऊन विचारू? तुला तर त्यांनी असलं काही सांगितलं नाही. तुझ्याशी ते खरं बोलले, भाकरीचा तुकडा दिला, आणि मला मात्र हे लटकं नाव वाहायला दिलं. याचा मला तुझ्यावरही राग आहे, असूयाच म्हण.

गेल्या रविवारी पाटावर करवत चालवली. लायनीच्या टोकाला, चिंचेच्या झाडापलीकडे. प्लायवूड तुटायचा आवाज ऐकून हर्षदीपची आई धावत आली, तिला वाटलं मी रागाच्या भरात सगळंच तोडतोय. तीन इंच लांब खड्डा केला, आत करड्या रंगाची खरी राख भरली, चुलीतली, चाळून. खड्ड्यात एक माणूस उभा केला आहे, हातात सुई आहे, तीच सळई. त्याच्या भुवया मी पांढऱ्या रंगवल्या. वर वाय.जी. उभं राहतं. नंबर कोरला नाही. सुधाकररावांना कळवलं की पाटी बदलली. ते म्हणाले, गुरुजी, कशाला जुनं उकरता? मी म्हणालो, यायचं तर या.

पाटी अशी : ‘कालकथित सटवाजी हनवते, खलाशी, राखेचा खड्डा, आदिलाबाद.’

फोटो सोबत आहे. आता तरी ये. तुझ्या हातानंच गाडी सुरू करायची आहे. बटण लाल रंगाचं आहे, दाबलं की झालं.

नागनाथ

*

नार्नूर, ८ नोव्हेंबर

चि. नागनाथ,
जयभीम.

पत्र अन् फोटो भेटला. फोटो मी भिंग लावून पाह्यला. सुनेनं चष्मा पुसून देल्ला, मंग आनखी पाह्यला. बाबा हाय. भुवया बराबर हाय. सळई त्याची जरा लांब होती, पन असू दे. तू केलं थे चांगलं केलं. मी रडली. सुनेनं इचारलं, काय झालं आत्या, मी म्हनली काई नाई, माझा बाप दिसला.

पन नागनाथ, माझा राग अजून उतरला नाई, आता थो दुसऱ्याच गोष्टीचा आला हाय. तू शाळेत घातल्याच्या दिवसाचं लिवलं. मले थो दिवस आठवते. पांढरा सदरा मीच मागून आनला होता, चंपतकाकाच्या घरून. तू शाळेत गेला अन् त्याच महिन्यात मायनं माझं दफ्तर खुंटीवर टांगलं, कारन माय कापसाच्या जिनिंगात कामाले जाये, तू शाळेत, मंग खड्ड्यावर डबा कोन नेनार. मी पाचवीत होती. मास्तर घरी आला इचाराले का पोरीचं नाव काऊन काढता. बाबा म्हने, “मी गरीब खलाशी हाओ, गुरुजी, दोन्ही पोरं कशी शिकवू?” तुले शाळेत घालतानी आपला बाप ड्रायव्हर झाला. मले शाळेतून काढतानी खलाशीच होता. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या हाय. तू म्हनतो मले तो खरं बोलला. हो, बोलला. मले खोटं बोलून देन्यासारखं काई होतंच कुठं?

तू असूया म्हनतो. थो भाकरीचा तुकडा माझ्याजवळून घे अन् तुझी शाळा मले दे. देतो का?

जाऊ दे. आता बाबावर चिडून काई होत नाई, तू बी चिडू नोको. त्याच्याजवळ एकच शाळा होती देयाले, ती त्यानं तुले देल्ली. मले समजते. समजते म्हून दुखत नाई, असं नाई.

पन तुझं मात्र तुले सांगा लागन. मी दोन पत्रात लिवलं का मी खड्ड्यावर डबा नेये, पायरीवर बसे. तू थे सगळं वाचलं, फाडलं, जोडलं, आनखी वाचलं. करवत चालवली, राख चाळली, बाबाच्या भुवया रंगवल्या. अन् खड्ड्यात माणूस एकटा उभा केला. मी भिंग घेऊन पायरी शोधली. पायरीच नाई. मी कुठं हाय, नागनाथ?

लाल बटन दाबाले मी येत नाई. बटन कोनी बी दाबन, तुझा सुधाकरराव दाबन.

पायरी कर. उजव्या बाजूले, चिंचेकडून. तीवर पोरगी बसव. झगा निळा होता, शाळेचाच, तोच घालून जाये कारन दुसरा नव्हता. पायात चप्पल नाई. डोक्याले तेल नाई. मांडीवर डबा ठेव, अन् बाजूले पान्याचा गडवा, तो इसरू नोको. मी बाराव्या तारखेले सकाळच्या बसनं येतो. आल्याबरोबर पहिले तेच पाहतो.

तुझी अक्का,
चंदा